तीन हजार हर्ट्झच्या पलीकडे

आलेखावरची त्यांची रेघ
तीन हजारांपर्यंत नीट चालत आली
आणि तिथून पाय घसरल्यासारखी खाली गेली.
मी नेहमीचं बोलले :
स, फ, थ निसटतील,
नातवंडांचं बोलणं पुसट होईल.
अर्नेल प्रुइट म्हणाले, अक्षरांचं राहू दे.
माझ्या ट्रेबलचं काय?

डेटन, ओहायो. नोव्हेंबरातला शनिवार.
जर्मनटाउन स्ट्रीटला लागून त्यांचं घर,
तळघरात बंद पडलेलं वॉशिंग मशीन,
त्यावर पेडलची पेटी, आणि कोपऱ्यात तो अ‍ॅम्प,
दोघांनी उचलायचा, एकट्याने कंबर मोडून घ्यायचा.
आधी तापू दे, म्हणाले.
काचेच्या व्हॉल्व्हमध्ये निखारा धरेपर्यंत
आम्ही कॉफी प्यालो.
साखर त्यांनी न विचारताच घातली होती.

मग ते सांगत गेले, मी वहीत उतरवत गेले,
जणू तपासणी माझीच होती.
व्हॉल्यूम चारच्या वर नको, आवाज फाटतो.
फाटलेला आवाज रडायला बरा, नाचायला नाही.
बेस दोनवर. खालचा मजला बेसवाल्याचा,
आपण तिथे चपलासुद्धा काढायच्या नाहीत.
कॉम्प्रेसर म्हणजे वर्गातला मास्तर,
उड्या मारणाऱ्याला खाली बसवतो,
मागच्या बाकावरच्याला उभं करतो.
वा-वा अर्धा दाबून तसाच सोडायचा,
नाक चिमटीत धरून बोलल्यासारखा.
आणि फेझर?
चर्चमधल्या बायकांच्या अत्तरासारखा.
लावलाय हे कळलं, की जास्त झाला.

मग गिटार घेतली.
डावा हात तारांवर टेकवायचा, दाबायचा नाही,
तवा तापलाय का बघताना टेकवतो तसा.
उजवा हात सोळा वेळा गेला आला,
बोलला फक्त तीनदा.
बाकीचे तेरा कोरडे, सुपात पाखडल्यासारखे.
दाणे तीनच,
पण सुपाचा आवाज येतो तो फोलपटांमुळे,
हे मी म्हटलं नाही. ते त्यांना ठाऊकच होतं.

आता ट्रेबल. हे तू सांगायचं.
पाच? उबदार आहे, मी म्हटलं,
घोंगडी पांघरल्यासारखं.
सहा? बरं आहे.
बरं आहे म्हणजे? हा काय दवाखाना आहे?

मी मूळची मिरजेची.
आमच्या गल्लीत तानपुऱ्याच्या तारेखाली
सुताचा धागा सरकवत माणसं दुपारभर बसायची.
धागा केसभर हलायचा आणि लाकूड बोलायला लागायचं.
जवारी लागली म्हणायचे, आणि चहा मागवायचे.
मी बटण तसंच फिरवलं, केसकेस.
सात. सातच्या जरा पुढे.
आणि माझ्या तोंडून गेलं, ठसका!

काय?
मला दुसरा शब्द सुचेना.
तव्यावर मिरची पडते, म्हटलं,
आणि शेजारच्या घरातला माणूस खोकतो, तो.
ते हसले. टस्का, म्हणाले.
ठ, मी म्हटलं.
टस्का.
ठ-मधला ह त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हता.
तो त्या रेघेच्या पलीकडे होता,
मीच काढलेल्या.

मुलीची विसरून राहिलेली नेलपॉलिश आणून
त्यांनी साडेसातशी लाल ठिपका दिला,
वाळेपर्यंत फुंकर घातली,
आणि सुरू केलं.
एकच कॉर्ड, तोच, परत तोच,
दिव्याची साखळी हलायला लागली,
पाण्याच्या पाइपातून काहीतरी वर गेलं,
वरून कोणीतरी टाच आपटली, पण रागाने नाही.

किती वेळ गेला कोण जाणे.
मग लक्षात आलं, ते तारांकडे बघत नाहीयेत,
माझ्याकडेही नाही.
माझ्या उजव्या बुटाकडे बघतायत.
मी पाय आवरला.
हात न थांबवता ते म्हणाले, अंहं,
तो चालू दे.
मला तो दिसायला हवा.